शुक्रनीतींतील लघुनालिक आणि शिशाची गोळी

शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत सेनेचें प्रकरण आहे. त्यांत बंदूक, तोफ, दारू व गोळी यांचें जें वर्णन येतें, त्यावर गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर कशाला, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर एवढेंच कीं, ज्यांनीं लिहिलें त्यांपैकीं बहुतेकांनीं या श्लोकांतील नांवांचा विचार केला, कृतीचा केला नाहीं. नालिक म्हणजे काय, अग्निचूर्ण म्हणजे काय, हे शब्द किती जुने, यावर वाद झडले. पण बंदूक भरावयाची कशी, गोळी कोणत्या धातूची, ती नळींत बसते कशी, या साध्या गोष्टी ग्रंथकारानें ज्या रीतीनें सांगितल्या आहेत ती रीत प्रत्यक्ष शस्त्राशीं ताडून पाहण्याचें काम मागें राहिलें. हे श्लोक आजही व्याख्यानांतून प्राचीन भारतांतील बंदुकीचा पुरावा म्हणून पुढें केले जातात, आणि ऐकणारीं मुलें तें खरें मानून घरीं जातात. ज्यानें आयुष्यभर संस्कृत शिकविलें त्याला या बाबतींत गप्प राहणें शोभत नाहीं.

वादाचा इतिहास थोडक्यांत असा. हालहेड यानें १७७६ सालीं हिंदु धर्मशास्त्राचा जो इंग्रजी संग्रह छापला, त्याच्या निमित्तानें प्राचीन हिंदूंना तोफा-बंदुका ठाऊक होत्या ही कल्पना युरोपांत पसरली. वस्तुतः मनूनें सातव्या अध्यायांत राजाला ज्याची मनाई केली आहे तो टोकाशीं पेटविलेला बाण आहे. तेथें नळी नाहीं, दारू नाहीं, गोळीही नाहीं. पुढें मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील संस्कृतचे अध्यापक गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं हिंदूंच्या शस्त्रांवर ग्रंथ लिहून शुक्रनीतीच्या आधारें बंदूक व दारू हीं मूळचीं येथलींच असें प्रतिपादिलें, आणि १८८२ सालीं शुक्रनीतीचा मूळ पाठ छापून काढला. ऑपर्ट यांचे आपल्यावर उपकार आहेत. त्यांनीं पाठ छापला नसता तर आपण कशावर बोललों असतों? पण पाठ छापणें निराळें आणि त्याचा काल ठरविणें निराळें. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ सालीं हिंदु रसायनशास्त्राचा इतिहास लिहितांना हा भाग मागाहून घुसडलेला मानला. बिनयकुमार सरकार यांचें इंग्रजी भाषांतर १९१४ सालीं अलाहाबादेस निघालें. आणि १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं, एक प्रकरणच काय, सबंध ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला आहे, असा निबंध लिहून बाजू उलटविली. म्हणजे एका टोकाला त्रेतायुग आणि दुसऱ्या टोकाला कंपनी सरकार!

प्रथम नांवांचा प्रश्न निकालांत काढूं, कारण सगळी भिस्त त्यावर आहे. नालीक हा शब्द महाभारतांत येतो हें खरें; पण तो कर्णी, नाराच यांच्या पंक्तींत, म्हणजे बाणांच्या जातींत येतो. शब्द जुना असला म्हणजे त्याचा पुढचा अर्थही जुना, असें म्हणतां येत नाहीं. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यांत फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. ते शब्द अस्सल संस्कृत आहेत, व्याकरणशुद्ध आहेत. पण त्यांवरून त्या कचेऱ्या व ते हुद्दे गुप्तकालीं होते असें कोणी म्हणत नाहीं. पंडिताला नवी वस्तु दाखविली कीं तो तिला घटकाभरांत संस्कृत नांव देतो. हा त्याचा धंदा आहे. अग्निचूर्ण हा शब्द तशाच टांकसाळींत पडलेला दिसतो.

याहून बोलका शब्द ‘कर्ण’ हा आहे. लघुनालिक भरल्यावर ‘कर्णां’त चूर्ण घालावें आणि त्याला अग्नि द्यावा, असें ग्रंथकार सांगतो. संस्कृतांत कर्ण म्हणजे कान, नावेचें सुकाणूं, भांड्याची धरावयाची कडी. परंतु बत्ती देण्याचें छिद्र हा अर्थ जुन्या कोशांत नाहीं. तो आपल्या बोलीभाषांत मात्र आहे. शत्रूच्या तोफांच्या कानांत खिळे ठोकले, हें वाक्य मराठी इतिहास वाचणाऱ्या कोणालाही परकें नाहीं. तेव्हां येथें संस्कृत शब्दावरून बोलीभाषेंतला शब्द आलेला नसून, बोलीभाषेंतल्या ‘काना’चें संस्कृत करून तो श्लोकांत बसविला आहे. हिंदींतही हा शब्द याच अर्थीं चालतो, म्हणून ग्रंथकार महाराष्ट्रीय होता असें म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. एवढें खरें कीं, तो बंदुकीबद्दल संस्कृतांत वाचून लिहीत नव्हता. बंदूकवाल्याच्या तोंडचे शब्द ऐकून लिहीत होता. आणि नेमकी हीच त्याची किंमत आहे.

आतां वर्णनाकडे वळूं. लघुनालिकाची नळी पांच वितस्तींची. मुळाशीं तिला छिद्र. मूळ व अग्र या दोन्ही ठिकाणीं नेम धरण्यासाठीं तिळाएवढा बिंदु, ज्याला आपण माशी म्हणतों. चांगल्या लांकडाचा दस्ता. मधल्या बोटाच्या रुंदीचें आंतील पोकळ. दारू ठासण्यासाठीं बळकट शलाका, म्हणजे गज. वितस्ति बारा अंगुळांची, म्हणजे सुमारें नऊ इंच धरली तर नळी पंचेचाळीस इंच होते. मधलें बोट पाऊण इंच धरलें तर पोकळही पाऊण इंच. इंग्रजांच्या पायदळाची जुनी बंदूक पाऊण इंच पोकळाचीच होती आणि तिच्या सर्वांत लांब प्रकाराची नळी शेहेचाळीस इंच होती. हा मेळ डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण बोटाच्या मापावर फार भार टाकूं नये. माणसामाणसांचीं बोटें निराळीं, आणि श्लोकांतलें माप वृत्ताच्या सोयीनेंही येतें.

माप सोडून यंत्राकडे पाहावें. नळीच्या काना­जवळ दगड व चूर्ण धारण करणारें, आणि यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारें असें कांहीं आहे, असें ग्रंथकार म्हणतो. ‘ग्रावचूर्ण’ या समासाचा ‘दगडाचें चूर्ण’ असा षष्ठीतत्पुरुष घेतला तर अर्थ लागत नाहीं. दगडाच्या भुकटीनें कोणती बंदूक उडाली आहे? तो द्वंद्व घेतला पाहिजे: दगड आणि चूर्ण. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते, कानांतील रंजक पेटतें आणि आंतील दारू उडते. ही चापाची, चकमकीची बंदूक आहे. जामगीची, तोड्याची नव्हे. ही कळ फ्रान्सांत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पूर्णत्वास आली. एका द्वंद्वसमासानें ऑपर्ट यांचा सगळा पक्ष खालीं येतो, आणि त्यासाठीं इतिहासाचे दहा ग्रंथ चाळावे लागत नाहींत. समास नीट सोडविला म्हणजे पुरे.

पण यापुढें जें आहे तें माझ्या मतें अधिक महत्त्वाचें आहे. बंदूक भरण्याचा क्रम ग्रंथकार देतो तो असा: प्रथम नळी साफ करावी, मग तींत दारू घालावी, ती दांड्यानें मुळाशीं बसवावी, नंतर गोळी सोडावी, त्यानंतर कानांत चूर्ण घालावें, आणि मग त्या चूर्णाला अग्नि द्यावा. आतां युरोपीय कवायतीचा क्रम पाहा. कंपनीच्या शिपायाला कागदी काडतूस मिळे. तो तें दांतांनीं फोडी, त्यांतील चिमूटभर दारू प्रथम कानाच्या पेल्यांत टाकी, पेल्याचें झांकण लावी, आणि मग उरलेली दारू व गोळी तोंडाकडून नळींत घालून गजानें ठासी. म्हणजे रंजक आधीं, गोळी मागून. शुक्रनीतींत गोळी आधीं, रंजक मागून. हा क्रम तोफेचा आहे. घाई नसलेला, जपून वागणारा शिकारीही तसाच भरतो, कारण भरतांना कान रिकामा असणें सुरक्षित. शिवाय ‘अग्नि देणें’ ही भाषा बत्ती हातांत धरणाऱ्या माणसाची आहे. चापाच्या बंदुकींत अग्नि द्यावा लागत नाहीं, कळ ओढली कीं तो आपोआप पडतो.

यावरून निघतें तें असें. ग्रंथकारानें एका श्लोकांत चापाच्या बंदुकीचें रूप वर्णिलें आणि पुढें बत्तीच्या शस्त्राची कृति वर्णिली. दोन्ही त्यानें पाहिलीं असावींत, पण एकत्र पाहिलीं नाहींत. आणि कागदी काडतुसाचा तर त्याच्या वर्णनांत मागमूसही नाहीं. दारू सुटी, गोळी सुटी. लल्लनजी गोपाल यांचें म्हणणें असें कीं, या ग्रंथांतील सैन्याचे नियम कंपनी सरकारच्या पद्धतीशीं मिळतेजुळते आहेत. इतर प्रकरणांविषयीं तें असेल. चाळीस वर्षें सेवा केलेल्यास अर्धें वेतन घरबसल्या द्यावें, हा त्यांतील नियम तर निवृत्तिवेतनावर दिवस काढणाऱ्या मास्तराला फारच आधुनिक वाटतो. पण बंदूक भरण्याच्या या श्लोकांत कंपनीच्या कवायतीचें वारेंही लागलेलें नाहीं. ज्यानें पलटणीचा सराव पाहून लिहिलें असतें, त्याच्या हातून पहिली गोष्ट सुटली नसती ती काडतूस फोडण्याची. कारण दुरून पाहणाऱ्याच्याही नजरेंत भरणारी क्रिया तीच, आणि १८५७ सालीं तिच्यावरूनच केवढा अनर्थ ओढवला! गोडसे भटजींसारखा दक्षिणेसाठीं उत्तरेकडे निघालेला भिक्षुकसुद्धां आपल्या प्रवासवर्णनांत काडतुसांची हकीकत सांगितल्यावांचून राहिला नाहीं. तेव्हां सबंध ग्रंथाचा काल कांहींही ठरो, या श्लोकांचा आधार देशी बरकंदाजाचा हात आहे, कंपनीच्या हवालदाराची आरोळी नव्हे, असें मला वाटतें.

दारूच्या कृतीवर फार वेळ घालवीत नाहीं. तिच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पांच भाग क्षार, एक भाग गंधक, एक भाग कोळसा, असें मुख्य प्रमाण असून क्षार चार किंवा सहा भागही चालेल असें म्हटलें आहे. सहा भाग धरले तर क्षाराचें प्रमाण शेंकडा ७५ येतें, आणि इंग्रजी लष्करी दारूंतही सोरा शेंकडा ७५ असे. हें आंकड्यांचें साम्य सर्वांनीं दाखविलें. पण क्षाराच्या नांवाकडे पाहा: ‘सुवर्चि’. वैद्यकांत सुवर्चिका म्हणजे सज्जीखार आणि सौवर्चल म्हणजे पादेलोण. यांपैकीं कोणताही पदार्थ गंधक-कोळशाशीं मिसळला तर बार उडणार नाहीं, कारण जळणाला लागणारा प्राणवायु देण्याचें सामर्थ्य सोऱ्यांत आहे, सज्जीखारांत नाहीं. ग्रंथकाराला सोऱ्यासाठीं संस्कृत शब्द हवा होता. रूढ असा एकही मिळेना, तेव्हां त्यानें हाताशीं असलेला जवळचा शब्द घेतला. हजारों वर्षें जी वस्तु घरोघर वापरांत होती, तिला आपलें नांव नसावें, हें कसें?

आतां शिशाच्या गोळीकडे येऊं. मोठ्या नालिकासाठीं, म्हणजे तोफेसाठीं, गोळा लोखंडाचा. कधीं भरीव, कधीं पोटांत लहान गोळ्या असलेला. लहान नालिकासाठीं गोळी शिशाची, ‘अथवा अन्य धातूची’. हा भेद अगदीं बरोबर आहे, आणि तो पुस्तकी नाहीं. शिसें वितळण्यास ३२७ अंश उष्णता पुरते. तांब्याला १०८५ आणि शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागते. म्हणून लोखंडी गोळा भट्टीच्या कारखान्यांतच होतो, पण शिशाची गोळी शिपाई मुक्कामावर, शेगडीच्या निखाऱ्यावर, लोखंडी पळींत ओतूं शकतो. दुसरें, शिसें जड. पाण्याच्या सव्वाअकरा पटींहून तें किंचित् अधिक भरतें, लोखंड पावणेआठ पटींहून थोडें अधिक. पाऊण इंची नळींत चालणारी इंग्रजी गोळी सुमारें ०.६९ इंच व्यासाची असे. ती शिशाची केली तर सुमारें पावणेतीन तोळे, लोखंडाची केली तर दोन तोळ्यांनाही कमी. हलकी गोळी वाऱ्यांत लवकर दमते. तिसरें, शिसें मऊ. तें नळीला ओरखडत नाहीं. उलट आंतील दाबानें किंचित् पसरून नळीच्या अंगाला लागतें.

मग ‘अथवा अन्य धातूची’ हें काय? ही पंडिताची ‘वा’ आहे. टंचाईंत लोकांनीं जें मिळेल तें नळींत घातलें असेल, पण बंदूक चालविणारा माणूस शिसें आणि इतर धातु यांना एका तागडींत बसविणार नाहीं. दख्खनच्या काळ्या दगडांत शिशाची खाण नाहीं; तें राजपुतान्यांतून, किंवा सुरत-मुंबईच्या बंदरांत उतरणाऱ्या परदेशी मालांतून यावयाचें. अशा मुलखांत शिशाचा तुटवडा हा लढाईचा प्रश्न होता. भाषांतरकार मात्र ती ‘वा’ सरळ उतरवून पुढें जातात, जणूं सोनार अंगठी सोन्याची कीं रुप्याची करूं असें विचारतो आहे.

याहून मोठें न्यून हें कीं, गोळी ओतावी कशी याबद्दल ग्रंथकार अक्षर लिहीत नाहीं. दारूला त्यानें इतके श्लोक दिले, आणि गोळीला एक चरण. वास्तविक नेमाचा अर्धा जीव गोळीच्या ओतकामांत आहे. सांचा दोन फाळ्यांचा, दगडाचा किंवा धातूचा. फाळ्या नीट जुळल्या नाहींत तर गोळीला कंबरपट्ट्यासारखी कड राहते. सांचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात, कारण शिसें आंत पुरतें पोंचण्याआधीं थिजतें. म्हणून पहिल्या कांहीं गोळ्या ओतणारा पुन्हां पळींत टाकतो. वर तरंगणारी मळी काढावी लागते. ती गोळींत गेली तर गोळी एका अंगाला हलकी होते आणि वाट सोडून जाते. आंत हवेची पोकळी राहिली तरी तेंच. तोंडाशीं राहिलेला देंठ कापून टाकावा लागतो. आणि सर्वांत मोठें पथ्य म्हणजे पाणी: तापलेल्या शिशांत ओल्या तुकड्याबरोबर पाण्याचा थेंब गेला तर त्याची तत्काळ वाफ होऊन शिसें अंगावर उडतें. हें आपल्या रसवैद्यांना पक्कें ठाऊक होतें. शिशाला ते ‘नाग’ म्हणतात. वितळलेला नाग शोधनासाठीं काढ्यांत किंवा रसांत ओततांना भांड्यावर भोक असलेलें झांकण ठेवतात, तें याचसाठीं. म्हणजे शिसें वितळविण्याची परिभाषा संस्कृतांत तयार होती, तिचा अभ्यास चालू होता. शुक्रनीतीच्या कर्त्यानें सात धातूंत शिसें मोजलें, चौसष्ट कलांत धातु वितळविण्याची कला घातली; पण बंदुकीच्या प्रकरणांत त्या ज्ञानाला हात लावला नाहीं. त्यानें बंदूक भरतांना पाहिली. गोळी ओततांना तो ओताऱ्याच्या शेगडीजवळ बसला नाहीं, असा माझा निष्कर्ष आहे.

गोळी आणि नळी यांच्यांतील अंतराचाही त्याला पत्ता नाहीं. वर सांगितलेल्या इंग्रजी बंदुकींत पोकळ ०.७५ इंच आणि गोळी ०.६९ इंच. एवढी फट मुद्दाम ठेवीत, कारण चार-सहा बार झाल्यावर नळींत काजळी बसते आणि घट्ट गोळी तोंडाशींच अडते. फट भरण्यासाठीं कागद किंवा तेलकट चिंधी. ग्रंथकाराच्या वर्णनांत नळी साफ करणें आहे, हें त्याच्या निरीक्षणाचें श्रेय. पण ती कां साफ करावयाची हें त्याला कोणी सांगितलेलें दिसत नाहीं. गोळीवरूनच नळीचें माप मोजण्याची युरोपीय रीत आजही आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे. बारा बोअरची बंदूक म्हणजे जिच्या पोकळांत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक रत्तल भरतें ती. या हिशेबानें शुक्रनीतींतील पाऊण इंची पोकळ अकरा बोअरचें येतें. ‘मधल्या बोटाएवढें पोकळ’ यापेक्षां हें माप कितीतरी नेमकें, कारण तें गोळी ओतणाऱ्याच्या तराजूंतून आलें आहे.

तुलनेसाठीं अलीकडची गोष्ट सांगतों. परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद असलेले लोक उडविलेल्या काडतुसाचें पितळी कवच टाकून देत नाहींत. तें साफ करून, नवी टोपी व नवी दारू घालून, स्वतः ओतलेली शिशाची गोळी त्यांत बसवितात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें हा परवान्याचा विषय आहे.) त्यांची गोळी निव्वळ शिशाची नसते, शिशांत कथील व अँटिमनी मिसळून तें कठीण करतात. आपल्या छापखान्यांतले जुने खिळे याच तीन धातूंचे असत, आणि हे लोक मोडीचे खिळेही वितळवितात! गोळीच्या अंगावर खांचे पाडून त्यांत मेण-चरबीचें वंगण भरतात, आणि गोळी नळीच्या आंतील पेचांच्या मापाहून इंचाचा एखादा हजारांश मोठी ठेवतात. तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींत गोळी नळीहून लहान, मागून भरावयाच्या पिस्तुलांत किंचित् मोठी. मधल्या काळांत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, बुडाशीं पोकळ असलेली लांबट गोळी आली; ती तोंडांतून सैल जाई आणि बार होतांच फुगून पेच पकडी. शिशाच्या मऊपणावांचून हें सर्व अशक्य होतें. शुक्रनीतीच्या त्या एका चरणांतील ‘शिसें’ या शब्दामागें एवढा संसार उभा आहे.

पिस्तुलावरून आठवलें. लघुनालिक पायदळानें व घोडेस्वारांनीं बाळगावें असें श्लोकांत आहे. पंचेचाळीस इंची नळी धांवत्या घोड्यावर तोंडाकडून कशी भरावी, हें ग्रंथकारानें सांगावयास हवें होतें. युरोपांतील स्वार यासाठींच आंखूड बंदूक किंवा पिस्तुलांची जोडी वापरीत. आंखूड शस्त्राचें, आपल्या तमंच्याचें, येथें नांवही नाहीं. उलट नळी जितकी लांब, जाड आणि गोळी जितकी मोठी, तितका मार दूर, एवढाच नियम दिला आहे. तो ढोबळपणें खरा आहे. पण घोड्यावरच्या माणसाला तो कामाचा नाहीं. आमच्या सोलापूरच्या भुईकोटासारख्या किल्ल्याच्या तटावर जंगीमागें उभा राहिलेला माणूस मात्र अशी लांब नळी टेंकवून, सरळ उभी धरून, सावकाश भरूं शकला असता. श्लोकांतली बंदूक अशा तटाची आहे.

याच संदर्भांत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण ठेवावी. तेथें दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, हवालदारानें आठ-पंधरा दिवसांनीं जातीनें येऊन दारू, बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावें आणि पुन्हां शिक्का करून ठेवावें, अशी आज्ञा आहे. त्या मजकुरांत एकही संस्कृत परिभाषा ताणलेली नाहीं. पण वाचणाऱ्याला दमट कोठाराचा वास येतो. ज्याच्यावर किल्ला जतन करण्याची जबाबदारी होती त्याची ही लेखणी. शुक्रनीतीचा कर्ता त्या कोटींतला नव्हे, आणि त्याला त्या कोटींत ओढूं नये. पण म्हणून त्याला लबाडही ठरवूं नये. त्यानें नव्या शस्त्राला जुन्या नीतिशास्त्रांत जागा दिली, कारण नीतिशास्त्र चालतें राहिलें पाहिजे अशी त्याची समजूत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शिशाची भुकटी आग लावण्याच्या मिश्रणांत येते. तेथें बंदूक नाहीं, कारण त्या काळीं ती नव्हती. शुक्रनीतींत शिसें गोळी म्हणून येतें, कारण तोंवर बंदूक आली होती. दोघांनींही आपापल्या काळाचें लिहिलें. शुक्राचार्यांचें नांव ग्रंथाला लावणें ही आपल्या परंपरेंतील नित्याची रीत. तीवरून एका बाजूनें ग्रंथाला दैत्यगुरूच्या काळांत नेणें आणि दुसऱ्या बाजूनें त्याला बनावट म्हणणें, दोन्ही सारखेंच उतावळेपणाचें आहे.

टोपीची बंदूक इंग्रजी फौजेंत १८४० च्या सुमारास आली. तिचा या श्लोकांत उल्लेख नाहीं, काडतुसाचा नाहीं, तमंच्याचा नाहीं. चकमक मात्र आहे. यावरून हें प्रकरण चापाची बंदूक देशांत परिचित झाल्यानंतरचें, आणि टोपीची बंदूक ग्रंथकाराच्या आसपास येण्यापूर्वीचें, एवढें म्हणतां येईल. अठरावें शतक किंवा एकोणिसाव्याचा आरंभ, याहून बारीक रेघ ओढण्यास आधार नाहीं. पुढें जो कोणी या प्रकरणाचें मराठी भाषांतर करील त्यानें ‘कर्ण’ येथें बंदुकीचा कान आणि ‘कर्णचूर्ण’ येथें रंजक असे आपले नित्याचे शब्द घालावेत, ‘ग्रावचूर्ण’ हा द्वंद्व सोडवावा, आणि शिशाच्या ओळींतील ‘वा’वर एक टीप द्यावी.